पडलं न्हाय कुणीच!

बस परत आली, सगळे आपापल्या पायांनी उतरले आणि एकालाही दोन्ही बाजूंनी धरून न्यावं लागलं नाही. परंड्यात सध्या जो संताप आहे तो नेमका याचाच आहे.

बातमी अशी. परंड्याची आणि आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ पोरंपोरी पुण्यात नोकरीला आहेत. हिंजवडी, खराडी, चाकण. सणावाराला गावी येतात, मळक्या कपड्यांची पिशवी आणतात, शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया घेऊन जातात. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण त्यांच्यातल्याच काहींनी म्हणे एका रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि पुण्यात जिथं जिथं बीअर जागच्या जागी तयार करतात, त्या ठिकाणांची रीतसर यात्रा केली. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर. नारळ फोडून निघाले. (नारळाबद्दल दोन मतं आहेत. पण ज्यांनी ही बातमी गावात आणली त्यांना तो फोडलेलाच हवा आहे.) बरोबर जोडपी होती. एक सून होती. आणि कहर म्हणजे त्यांनी मामांना नेलं. मामा म्हणजे साखर कारखान्यात अख्खी नोकरी काढलेले, एकादशी न चुकवणारे, कुणाच्याही लग्नाची बोलणी ज्यांच्याशिवाय सुरू होत नाहीत ते. आणि मामा गेले!

पुरावा आहे. भाच्यानं स्टेटसला फोटो टाकला. टोपी घातलेले मामा एक इवलासा ग्लास उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, आत बघताहेत. चोवीस तासांत स्टेटस गेलं, पण चोवीस तास परंड्याला फार झाले. तोवर त्याचे स्क्रीनशॉट भूम, बार्शी, करमाळा असा प्रवास करून मामांच्या व्याह्यांपर्यंत पोचले होते. 1632 मध्ये मुलूखमैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यातून विजापूरला ओढून नेली, तेव्हासुद्धा गावात इतकी चर्चा झाली नसेल.

"पेले ते पेले," किराणा दुकानाच्या पायरीवर अण्णांनी सुरुवात केली. "पण पडलं कोण?"

"कुणीच न्हाय."

"भांडलं कोण?"

"न्हाय."

"उलटी?"

"न्हाय म्हणत्यात."

"मग गेले कशाला मरायला?"

हा प्रश्न वरवर हसण्यासारखा वाटतो, पण सगळं प्रकरण त्यात आलं. आपल्याकडे पिण्याला एक ठरलेली रीत आहे. अंधार पडल्यावर जायचं, पाठमोरं उभं राहून प्यायचं, तोंडात बडीशेप टाकून परत यायचं, आणि जास्त झाली तर पडायचं. पडला की गाव त्याला क्षमा करतं, कारण दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालतो. या पोरांनी भर दुपारी, ओळीनं बसून, बायकांच्या देखत, पावती घेऊन प्यायली. पडली नाहीत. आता त्यांना क्षमा कशी करायची?

मामांना खरं तर कुणी थेट विचारलं नाही. मामांनीच सांगायला सुरुवात केली, आणि तिथं घोटाळा वाढला. कारण मामा कारखान्यात नुसते नोकरीला नव्हते, आसवनीच्या लॅबमध्ये होते. उसाच्या मळीपासून अल्कोहोल कसं काढतात यात त्यांचा जन्म गेला. एक टन मळीतून साधारण अडीचशे लिटर निघतं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. आयुष्यभर त्यांनी टाक्यांवर टाक्या आंबवल्या, ब्रिक्स मोजला, यीस्टचे नखरे सांभाळले, आणि त्यातला थेंब कधी जिभेला लावला नाही. तेव्हा पुण्यातल्या त्या चकचकीत स्टीलच्या टाक्यांपुढे उभं राहिल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते समजण्यासारखं आहे. त्यांना कामावर परत आल्यासारखं वाटलं.

तिथला माहिती सांगणारा मुलगा म्हणे नेहमीचं सांगत होता. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, हलके भाजायचे. मग भरडून गरम पाण्यात ठेवायचे, साधारण पासष्ट अंशांवर, म्हणजे पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, त्यात हॉप्स घालायचे, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. मामांनी हात वर केला. "फर्मेंटेशन किती डिग्रीला?" मुलगा म्हणाला, एल जातीची असेल तर अठरा ते वीस, लागर असेल तर दहाच्या आसपास. "आणि दिवस?" एलला आठवडाभर, लागरला कित्येक आठवडे. मामा थक्क. "आमच्याकडं बत्तीस डिग्रीला दीड दिवसात उरकायचो!" त्यावर त्या मुलानं म्हणे अदबीनं विचारलं, "काका, चवीचं काय?" मामा म्हणाले, "चव कुणाला पायजे व्हती?"

हे वाक्य सांगून मामा स्वतःच बराच वेळ गप्प बसले, असं ऐकणारे सांगतात.

मग ग्लास आले. एका लाकडी फळीला भोकं पाडलेली, त्यात कटिंग चहाएवढे सहा ग्लास बसवलेले, फिक्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग घोट. गव्हाच्या बीअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळंही नसतं न् लवंगही. ती सगळी यीस्टची करामत. काळीला कॉफीचा वास येतो तो सातू करपेपर्यंत भाजल्याचा. एकीत कोकम होतं. आणि एक होती कडू, नुसती कडू. तिचं नाव इंडिया पेल एल. इंग्रज साहेबांना हिंदुस्थानात बीअर हवी असायची, जहाजाला महिनोन्‌महिने लागायचे, म्हणून टिकावी यासाठी हॉप्स भरपूर घालायचे. त्या कडवट बीअरची फॅशन आता अमेरिकेहून फिरून परत आपल्याकडे आली आहे, चारशे रुपये ग्लास या भावानं.

हॉप्स काय असतं, हे पायरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती एका वेलीची फुलं, बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येणारी. वेल भांगेच्या कुळातली आहे, हे भाच्यानं सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी अशी होती की मामांना पुण्यात भांग पाजली.

आता त्या चारशे रुपयांबद्दल. खरी ठिणगी तिथं पडली. उसाचा टनाला हातात पडणारा भाव तीन हजारांच्या आगेमागे. म्हणजे सात-आठ ग्लास बीअर बरोबर एक टन ऊस. एक टन! लागणीपासून तोडीपर्यंत बारा-चौदा महिने, तोडणी मुकादमाच्या मागं फिरणं, वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर रात्र काढणं. आणि इकडं ही पोरं एका टेबलावर दुपारच्या दुपारी टन संपवतात. त्यात मसाला शेंगदाणे दोनशे रुपयांना. शेंगदाणे! ज्या तालुक्यात पाहुण्याला चहाच्या आधी मूठभर शेंगदाणे हातावर देतात, तिथल्या पोरांनी शेंगदाण्याला दोनशे रुपये मोजले, वर बिलात बीअरवर व्हॅट आणि शेंगदाण्यावर जीएसटी वेगवेगळे लावून घेतले. दारूला गाव एकवेळ माफ करील, या शेंगदाण्यांना करणार नाही.

तरी मला एक गंमत वाटते. ज्या पायरीवर ही चर्चा चालते तिथून थोडं बाहेर पडलं की चहूकडे ऊस. ऊस कारखान्याला जातो, साखर निघते, मळी उरते, मळीची होते दारू किंवा इथेनॉल. आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळतात. बीअरमध्ये अल्कोहोल चार-पाच टक्के, फार तर आठ. म्हणजे अण्णांची मोटरसायकल मामांच्या भाच्याच्या चौपट कडक पिते, रोज पिते, आणि अण्णा तिला दसऱ्याला झेंडूचा हार घालतात. यावर अण्णांचं म्हणणं, "गाडी घरात येऊन बोलत न्हाय."

सुनेचं प्रकरण बायकांनी हाताळलं, त्यामुळे त्यातला तपशील जास्त अचूक आहे. ती गेली, तिनं फक्त मधाची घेतली. मधाची म्हणजे मीड. मधात पाणी घालून आंबवतात ती. पुण्याजवळच्या मूनशाइन मीडरीनं अलीकडच्या वर्षांत ती बाटलीत आणली आणि आपल्याकडे तिचा बोलबाला झाला. "मधाचीच होती," हे सुनेनं सासूला सांगितलं आणि सासूनं गल्लीला सांगितलं. मध म्हटल्यावर अर्धी हवा गेली. मध देवाला चालतो, आयुर्वेदाला चालतो. उरलेल्या हवेपुरता सासूनं एकच प्रश्न विचारला होता म्हणे: "डोक्यावर पदर व्हता का?" सून जीन्समध्ये होती. पदराचा विषय तिथंच मिटला.

पण याच बायकांमधल्या एका आक्कांना या सगळ्याचं हसू येत नव्हतं. त्यांच्या माहेरच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणजे आजारी, परगावी, बाळंतीण, सगळ्या मोजायच्या. त्यातूनही बायकांनी बाटल्या आडव्या केलेल्या आहेत. त्या आक्का निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "पुण्यात कुणी पडलं न्हाय म्हणता. आमच्या दारात पडायचे ते काय बसनं जाऊन आले व्हते?" कुणी काही बोललं नाही. त्यांना शहाणपण शिकवायला तोंड कुणाचं होतं? चवीनं पिणाऱ्यांच्या गप्पा ज्यांच्या घरात चवीवाचून प्यायली गेली त्यांच्यापुढे करू नयेत, एवढं तारतम्य परंड्याला आहे.

कायद्याकडे आलो म्हणून तेही सांगून टाकते, कारण मामांनी इथं अख्ख्या कट्ट्याला चीत केलं. कुणीतरी म्हणालं, "मामा, या वयात बेकायदा काम?" मामांनी खिशातून कागद काढला. परवाना! महाराष्ट्रात अजून 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा पाच रुपये, देशीचा दोन रुपये, वर्षाचा शंभर, आणि हजार रुपये भरले की तहहयात. विशेष म्हणजे हा परवाना सरकार देतं तो आरोग्य राखण्यासाठी. मजेसाठी नाही, दुःख विसरण्यासाठी तर नाहीच. बीअरला वयाची अट एकवीस, कडक दारूला पंचवीस. मामांनी दोन्ही केव्हाच ओलांडलेल्या. थोडक्यात, गेल्या पंचवीस वर्षांत परंड्यात जेवढे लोक प्याले असतील त्यांच्यात बहुधा एकटे मामाच कायदेशीर. कट्ट्यावरच्या दोघांनी विषय बदलला. एकजण उठून गेला.

"पण बस कशाला?" हा प्रश्न राहिला होता. तो विचारला ड्रायव्हरकी करणाऱ्या एका पोरानं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. मोटार वाहन कायद्याचं 185 कलम. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीपासून दंड असा वाढला. त्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला त्या अल्पवयीन पोरानं भरधाव गाडीखाली दोघांचा जीव घेतला, तेव्हापासून पुण्यात रात्री नाक्यानाक्यावर तोंडाला यंत्र लावतात. एक ड्रायव्हर न पिणारा, बाकीचे मागं. बस ही या सगळ्या खुळातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे, आणि गावानं राग धरला तो नेमका बसवर. मोटरसायकलवर तिघं बसून, झोकांड्या खात, बार्शी रस्त्यानं येणाऱ्यांबद्दल इतका आरडाओरडा मी ऐकलेला नाही.

हे खूळ एकट्या पुण्याचं आहे असंही नाही. पुण्यात 2009 मध्ये डूलालीनं ताजी बीअर तयार करून तिथंच विकायला सुरुवात केली, तेव्हापासून अशी ठिकाणं एकामागून एक निघत गेली. मुंबईहून नाशिकला द्राक्षमळे बघायला तर कितीतरी वर्षं गाड्या जातात. सुलानं 2000 च्या सुमाराला पहिली वाईन काढली, आता तिथं वर्षाला लाखोंनी माणसं येतात, द्राक्षं पायांनी तुडवतात, फोटो काढतात. डिसेंबर 2022 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आपल्या गावातल्या एका सज्जन गृहस्थांनी ते शेअर घेतले आहेत. वाईनला ते शिवत नाहीत, पण तिमाही निकाल न चुकता बघतात. गोव्यात काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवर पाहुण्यांना नेतात. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते ऐकून एका आजोबांनी विचारलं, मानांकन मिळालं म्हणजे पोलीस धरत नाहीत का.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हाची धमाल आठवते. सत्तेतले म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. शेतकऱ्याचा फायदा आहे. विरोधक तुटून पडले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय गुंडाळून ठेवला गेला. परंड्यात हजार चौरस फुटांचं सुपरमार्केट नाही म्हणून आपल्याकडे शांतता होती. पण त्या वादापासून कट्ट्यावर एक शास्त्रार्थ मात्र कायम चालू आहे: वाईन दारू नव्हे, मग बीअर काय? द्राक्ष फळ, सातू धान्य. फळ उपासाला चालतं. एकादशी पाळणाऱ्या मामांनी या बाजूनं विचार करावा, अशी सूचना आलेली आहे.

परदेशाचं मामांच्या भाच्यानं वाचून दाखवलं, आणि त्यात गाव जरा रमलं. म्युनिकमध्ये 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाचं लग्न झालं, त्याचा जल्लोष म्हणून गावाबाहेरच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती लावल्या. तो जल्लोष दरवर्षी होत राहिला आणि तीच आजची ऑक्टोबरफेस्ट. "म्हंजे दोनशे वर्सं वरातच चालूय?" हो. "आन् डीजे?" बँड. लोकांनी आदरानं माना हलवल्या. त्याच बव्हेरियात 1516 मध्ये सरकारी हुकूम निघाला होता की बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. दुधात भेसळ करणाऱ्यांची नावं इथं लगेच निघाली. बेल्जियममध्ये मठातले संन्यासी बीअर तयार करतात आणि युनेस्कोनं 2016 मध्ये तिथल्या बीअर संस्कृतीला वारशाच्या यादीत बसवलं. इथं मात्र बैठक बिथरली. आपल्या तालुक्यात डोमगावला कल्याणस्वामींचा मठ, गावात हंसराजस्वामींचा. "मठात?" असं म्हणून अण्णांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, आणि भाच्यानं पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर नायजेरिया होता. 1988 मध्ये तिथल्या सरकारनं बाहेरून सातू आणायला बंदी केली. बीअरच्या कारखान्यांपुढे प्रश्न पडला. त्यांनी काय केलं? ज्वारी वापरली. जाहीरपणे, कारखानेच्या कारखाने ज्वारीवर चालवले. आफ्रिकेच्या खेड्यांतून तर ज्वारीची बीअर घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली.

ज्वारी! हा शब्द कानावर पडताच पायरीवरचा सगळा रंग बदलला. बाकी सगळं ठीक. सातू तिकडचे, हॉप्स तिकडचे, पैसे पोरांचे. पण ज्वारी आपली. मालदांडीचा शाळू, ज्याच्या भाकरीसाठी पुण्याची माणसं फोन करून दळण मागवतात. त्याची बीअर? एका बाजूनं "अन्नाचा अपमान" अशी आरोळी उठली. दुसऱ्या बाजूनं एका शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "क्विंटलला काय भाव देत्याल?" मग कडबा कुणाचा राहील, मोड आणायला काळपट पडलेली ज्वारी चालेल का, पैसे रोख की बँकेत, अशी चर्चा सुरू झाली. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी मातीमोल जाते, तिला कुणी चार पैसे दिले तर अन्नाचा अपमान कितपत होतो, यावर एकमत होता होता राहिलं.

ते मोडलं पाण्यावर. हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. एक लिटर बीअरमागं चार-पाच लिटर पाणी लागतं. टाक्या, नळ्या, पिंपं धुण्यातच बरंच जातं. एप्रिल 2016 परंड्यात कुणी विसरलेलं नाही. सीना-कोळेगावचा तळ उघडा, गावोगाव टँकर, टँकरमागं घागरींची रांग. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती त्याच महिन्यात. आणि त्याच वेळी छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, वाळूज पट्ट्यातले बीअर आणि दारूचे कारखाने चालू होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांचं पाणी तोडायला सांगावं लागलं, आधी पन्नास टक्के, मग साठ टक्के. हे मामांनीच सांगितलं, त्यांच्या सगळं लक्षात होतं. "त्या कारखान्यांतली बीअर पुण्याच्या पोरांसारखी हुंगून कुणी पीत नव्हतं," ते म्हणाले. "ती आपल्याच बारमधी यायची." म्हणजे मराठवाड्याचं पाणी बाटलीत भरून मराठवाड्यालाच परत मिळालं, कितीतरी पट जास्त दरानं. या प्रश्नावर पायरीवरचं कुणीच चूक नव्हतं आणि कुणाकडे उत्तरही नव्हतं. उसाला पाणी किती लागतं, हे कुणी काढलं नाही. परंड्यात ते काढायचं नसतं.

एरवी दारूशी आपलं नातं जुनंच आहे. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा धो-धो पडायचा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लोकांनी शिंदीची झाडं तोडली ती त्या तिजोरीवर कुऱ्हाड म्हणूनच. झाडं तोडणाऱ्यांची नातवंडं आता ग्लास हुंगायला पुण्यात तिकीट काढतात, असं एक वृद्ध गृहस्थ फार कळवळून म्हणाले. त्यांचा नातू त्या बसमध्ये होता, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि आता ताजी खबर. दुसरी बस निघते आहे. यावेळी पुणे नाही, अकलूज. इथून कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत गेलं की अकलूज. सहकारी कारखाना, कुस्ती, घोडेबाजार आणि लावणी स्पर्धा यांसाठी आपण त्याला ओळखतो. तिथल्या मोहिते-पाटलांनी इटलीतल्या आणि दिल्लीतल्या भागीदारांबरोबर फ्रातेल्ली वाईन काढली. फ्रान्सहून रोपं आणून 2007 च्या सुमाराला माळशिरस तालुक्याच्या माळरानावर लावली. आपल्याच उन्हात, आपल्यासारख्याच मुरमाड जमिनीत ती जगली. हे कळल्यावर गावातल्या द्राक्षबागायतदारांची उत्सुकता अचानक "शेतीविषयक" झाली आहे. चार जणांनी अभ्यासदौरा म्हणून नाव दिलं. सोसायटीतून खर्च टाकता येईल का, अशी चौकशीही एकानं केली.

तिथं वाईनचा घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकायची पद्धत असते, हे मामांनी आधीच समजावून सांगितलं. त्यानं नवाच भडका उडाला. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची? तंबाखूला दहा रुपये पडतात, ती थुंकली तर समजतं. अण्णांनी जाहीर केलं की आपण आलोच, तर थुंकणार नाही. "आलोच तर" यातला "तर" सगळ्यांनी ऐकला.

मुख्य अडचण बस कुठून सोडायची ही आहे. एसटी स्टँडवरून नको, तिथं सगळं गाव असतं. किल्ल्यापासून नको, तिथं सकाळी फिरायला येणारे असतात. कुणाच्याच दारातून नको. शेवटी ठरलं की बस परंड्यातून सुटणारच नाही. ती कुर्डुवाडीला उभी राहील आणि मंडळी तिथं आपापली, सुटी-सुटी, ओळख न दाखवता पोचतील.

कुर्डुवाडीला पोचायचं कसं, यावर उत्तर एकच निघालं. सकाळची एसटी. बायकांना निम्मं तिकीट आहे, त्या खूश. मामांना ज्येष्ठ नागरिकाची सवलत. त्या गाडीचा कंडक्टर आपल्याच गल्लीतला, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला उठावा. आत्ता परवा मामा सहज स्टँडवर गेले होते, तर तो लांबूनच ओरडला, "मामा, अकलूजच्या बारा सीटा धरून ठेवू का मधल्या?"